स्मार्ट टीव्ही आला, पण निकाहची कॅसेट कशावर पाहणार?

बहुतेक घरांत आता भिंतीवर मोठा टीव्ही आहे, प्रत्येकाच्या हातात फोन आहे आणि कपाटात एखादा जुना लॅपटॉप धूळ खात पडलाय. त्याच कपाटाच्या वरच्या कप्प्यात, प्लास्टिकच्या पिशवीत, अम्मी-अब्बांच्या निकाहची व्हीएचएस कॅसेट आणि दादांच्या आवाजातल्या दोन-चार ऑडिओ कॅसेटी असतात. टीव्ही, फोन आणि लॅपटॉप बाजारात पुन्हा मिळतात. पिशवीतला माल मिळत नाही, पण सगळ्यात कमी लक्ष त्याच्याकडेच असतं.

आम्ही शाळेत भाषा शिकवतो, संगणक नाही. पण घरच्या टीव्ही-कॉम्प्युटरची मांडणी करण्याचा शौक जुना आहे, त्यामुळे नातेवाईक आणि सहकारी शिक्षक विचारत असतात की कोणता टीव्ही घेऊ, कोणता बॉक्स लावू, कोणतं सॉफ्टवेअर टाकू. आमचं म्हणणं असं की यंत्र नंतर ठरवा. आपले व्हिडिओ, फोटो, लिखाण कुठे राहणार आणि उद्या दुसऱ्या यंत्रावर उघडणार का, हे आधी ठरवा.

कॅसेटपासून सुरू करू, कारण तिथे वेळ कमी आहे. व्हीसीआर बनवणारी जगातली शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, हिने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. म्हणजे आज जे व्हीसीआर चालू आहेत तेवढेच, आणि दुरुस्त करणारे कारागीरही कमी होत चाललेत. टेपवर आवाज आणि चित्र चुंबकीय थरात असतं, तो थर वर्षागणिक कमजोर होतो. कोकणात आणि मुंबईत दमट हवेमुळे टेपवर बुरशी चढते. कॅसेटच्या खिडकीतून पांढरी पूड किंवा डाग दिसले तर ती कॅसेट व्हीसीआरमध्ये घालू नका. बुरशी हेडला लागते आणि पुढची चांगली कॅसेटही खराब करते. अशी कॅसेट आधी जाणकाराकडून साफ करून घ्यावी.

चांगली कॅसेट घरी उतरवता येते. व्हीसीआरच्या मागे पिवळी, लाल, पांढरी अशी तीन तोंडं असतात. तिथून केबल एका छोट्या यूएसबी कॅप्चर उपकरणात आणि ते लॅपटॉपमध्ये. लॅपटॉपवर ओबीएस स्टुडिओ नावाचं मोफत सॉफ्टवेअर टाकायचं आणि रेकॉर्ड दाबायचं. सेटिंगमध्ये पाल पद्धत निवडा, आपल्याकडच्या कॅसेटी पालमध्येच आहेत. अमेरिकेची एनटीएससी पद्धत निवडलेली राहिली तर चित्र काळं-पांढरं दिसतं किंवा फिरत राहतं आणि लोक समजतात की कॅसेटच गेली. इथे घाई चालत नाही: कॅसेटवर ई-१८० लिहिलेलं असेल तर १८० मिनिटं आणि उतरवायलाही पूर्ण १८० मिनिटं. ऑडिओ कॅसेटसाठी टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या तोंडातून केबल लॅपटॉपच्या लाइन-इनमध्ये लावा. लॅपटॉपला लाइन-इन नसेल तर स्वस्तातलं यूएसबी साउंड कार्ड मिळतं. ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्ड करा. मूळ प्रत वेव्ह किंवा फ्लॅकमध्ये ठेवा, व्हॉट्सॲपवर पाठवायला वेगळी एमपी-३ काढा. खरखर कमी करण्याचे प्रयोग त्या दुसऱ्या प्रतीवर करा, मूळ प्रतीला हात लावू नका. मोहल्ल्यातल्या जुन्या मुशायऱ्याची टेप असो की दादांची तकरीर, नियम हाच.

आता फाइल तयार झाली, पेनड्राइव्हवर टाकायला गेलो तर संगणक म्हणतो जागा नाही, आणि पेनड्राइव्ह तर रिकामा आहे! हा प्रश्न आम्हाला किती जणांनी विचारलाय. कारण असं की बरेच पेनड्राइव्ह फॅट-३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेले असतात आणि त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही. तीन तासांच्या निकाहचा व्हिडिओ बऱ्या दर्जात ६-७ जीबी होतो. पेनड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा (आतलं सगळं पुसलं जातं, आधी कॉपी काढा), बहुतेक नवे टीव्ही तो वाचतात.

दुसरी नेहमीची तक्रार म्हणजे टीव्ही फाइल दाखवतो पण चालवत नाही, किंवा चित्र येतं आणि आवाज येत नाही. वर्गात समजावतो तसं सांगतो. एमपी-४ किंवा एमकेव्ही हा फक्त डबा आहे. आत चित्र एका पद्धतीने भरलेलं असतं, जसं एच-२६४ किंवा एच-२६५, आणि आवाज दुसऱ्या पद्धतीने, जसं एएसी किंवा डीटीएस. टीव्हीला डबा ओळखता आला तरी आतला पदार्थ ओळखता येईलच असं नाही. डीटीएस आवाज काही टीव्ही वाजवतच नाहीत, म्हणून चित्र मुकं. घरच्या व्हिडिओसाठी एमपी-४ च्या डब्यात एच-२६४ चित्र आणि एएसी आवाज ही जोडी धरा, ती जवळपास सगळीकडे चालते.

व्हीएलसी प्लेयरवर मात्र जवळपास काहीही चालतं, कारण हे पदार्थ ओळखण्याची विद्या तो स्वतःबरोबरच आणतो, यंत्रावर अवलंबून राहत नाही. पॅरिसच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात १९९६ साली विद्यार्थ्यांनी सुरू केलेला हा प्रकल्प. २००१ पासून तो सर्वांसाठी खुला आहे, आजही फुकट, आणि जाहिरात एकसुद्धा नाही. २०२२ मध्ये भारतात त्याची वेबसाइट काही महिने उघडत नव्हती, नोव्हेंबरमध्ये ती पुन्हा सुरू झाली. त्या काळात बऱ्याच जणांनी भलत्याच साइटवरून काहीतरी उतरवलं. ज्यांनी तसं केलं असेल त्यांनी ते काढून व्हिडिओलॅनच्या मूळ साइटवरून पुन्हा घ्यावं. आणि जुन्या कॅसेटच्या व्हिडिओत माणसं हलताना कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसल्या तर घाबरू नका, कॅसेट खराब नाही. व्हीएलसीच्या व्हिडिओ मेनूत डिइंटरलेस सुरू करा, रेघा जातात.

टीव्हीबद्दल थोडक्यात. नव्या टीव्हीवर सिनेमा स्वस्तातल्या मालिकेसारखा गुळगुळीत दिसतो अशी तक्रार असेल तर दोष डोळ्यांचा नाही. सिनेमात सेकंदाला २४ चित्रं असतात, टीव्ही त्यांच्या मध्ये स्वतःच्या मनाची चित्रं घालतो. एलजीत याला ट्रूमोशन म्हणतात, सोनीत मोशनफ्लो, सॅमसंगमध्ये ऑटो मोशन प्लस. बंद करा. टॉम क्रूझने २०१८ मध्ये खास व्हिडिओ काढून लोकांना हीच विनंती केली होती. क्रिकेटला हवं तर चालू ठेवा, आमच्या घरी यावरून अजून एकमत नाही. दुसरं, स्मार्ट टीव्ही आपण काय पाहतो याची नोंद घेऊन कंपनीला पाठवू शकतो. अमेरिकेत २०१७ मध्ये व्हिझिओ कंपनीला याच कारणाने २२ लाख डॉलर भरावे लागले. सेटिंगमध्ये प्रायव्हसीच्या भागात जाऊन पाहण्याच्या माहितीची परवानगी काढून टाका, टीव्ही त्याशिवायही उत्तम चालतो.

कपाटातला जुना लॅपटॉप टाकून देऊ नका. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि पुष्कळ जुन्या लॅपटॉपवर विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही. पण त्यावर लिनक्स मिंट चालतं, ४ जीबी रॅम असली तरी पुरे, आणि पैसे लागत नाहीत. दुकानदार 'करून देतो' म्हणून क्रॅक केलेलं विंडोज आणि ऑफिस टाकून देतात, ते घेऊ नका. दुसऱ्याची मेहनत फुकट वापरणं हा एक भाग झाला. दुसरा भाग असा की त्या क्रॅकमध्ये आणखी काय आलंय हे दुकानदारालाही माहीत नसतं, आणि त्याच संगणकावर तुम्ही बँकेचं काम करता.

मिंट टाकलेल्या लॅपटॉपवर जेलीफिन नावाचं सॉफ्टवेअर घातलं की तो घरातला मीडिया सर्व्हर होतो. सगळे व्हिडिओ-फोटो त्याच्या डिस्कवर राहतात आणि वाय-फायवरून टीव्हीवर, फोनवर दिसतात. घरातल्या घरात असल्याने इंटरनेटचा डेटा खर्च होत नाही. याच कामाचं प्लेक्स जास्त प्रसिद्ध आहे, पण एप्रिल २०२५ मध्ये प्लेक्सने घराबाहेरून आपलेच व्हिडिओ पाहण्यासाठी पैसे लावले आणि कायमच्या वर्गणीचा दर सुमारे १२० डॉलरवरून २५० वर नेला. जेलीफिनचा जन्मच अशा कारणाने झाला: एम्बी नावाच्या सॉफ्टवेअरने आपला कोड बंद केला तेव्हा डिसेंबर २०१८ मध्ये काही जणांनी खुल्या प्रतीवरून ते वेगळं काढलं. मांडायला प्लेक्स सोपं आहे हे मान्य, तरी आम्ही जेलीफिनच सुचवतो.

आता लिखाणाकडे वळू. आपल्यासारख्या उर्दू-मराठी घरांत हे दुखणं दुहेरी आहे. अब्बांनी किंवा चाचांनी इनपेजमध्ये टाइप केलेल्या गझला, मदरशाच्या स्मरणिका, मजमून यांच्या फायली कित्येक घरांत पडून आहेत. इनपेज हे दिल्लीत १९९४ साली तयार झालेलं सॉफ्टवेअर. त्याने उर्दू छपाईला फार मोठा हात दिला, त्याआधी पानंच्या पानं कातिब हाताने लिहीत. नस्तालीक लिपीत अक्षर उतरत्या ओळीत बसतं आणि शेजारी कोण आहे त्यावर रूप बदलतं. म्हणून मिर्झा अहमद जमील यांनी १९८१ मध्ये आणलेल्या नूरी नस्तालीकसाठी सुमारे २० हजार जोडाक्षरं वेगवेगळी लिहावी लागली होती. पण जुन्या इनपेजने मजकूर स्वतःच्या खास संकेतांत साठवला. तो कॉपी करून दुसरीकडे चिकटवला की कचरा दिसतो. मराठीत श्रीलिपी आणि कृतिदेवच्या जुन्या फायलींचं तेच.

यावर इलाज युनिकोड. यात प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक असतो, फॉन्ट कोणताही असो. जुन्या फायली युनिकोडमध्ये बदलणारी साधनं मोफत मिळतात. बदलल्यावर एकदा डोळ्यांखालून घालाच, एराब आणि आकडे हमखास चुकतात. आणखी एक बारीक गोष्ट, जी उर्दूच्या शिक्षकांनाही ठाऊक नसते. युनिकोडमध्ये अरबीचा काफ आणि ये वेगळे, उर्दूचे वेगळे. कागदावर सारखेच दिसतात. पण अरबी कीबोर्डवरून 'किताब' टाइप केलं आणि नंतर उर्दू कीबोर्डवरून शोधलं, तर संगणक म्हणतो सापडलं नाही. म्हणून फोनवर आणि लॅपटॉपवर उर्दूचाच कीबोर्ड घाला. फॉन्टसाठी नोटो नस्तालीक उर्दू मोफत आहे. आयफोनवरसुद्धा २०१७ पासून नस्तालीक आलंय.

लिहायला लिब्रेऑफिस पुरेसं आहे, त्यात उजवीकडून डावीकडे जाणारी लिपी आणि देवनागरी दोन्ही चालतात. एक अडचण मात्र आहे: उर्दू आणि देवनागरी या दोन्ही लिप्यांसाठी त्यात फॉन्टचा खण एकच आहे, त्यामुळे उर्दूचा फॉन्ट लावला की मराठीही विस्कटते. दोन्ही भाषांसाठी परिच्छेदाच्या दोन वेगळ्या स्टाइल बनवून ठेवा, मग रोजचा त्रास राहत नाही. शाळेच्या दोन भाषांतल्या प्रश्नपत्रिका आम्ही अशाच काढतो.

हे सगळं एकाच डिस्कवर ठेवलं तर एक दिवस ती बंद पडेल आणि सगळं जाईल. तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक प्रत घराबाहेर. एक लॅपटॉपमध्ये, एक बाहेरच्या हार्डडिस्कवर आणि एक क्लाउडवर, किंवा दुसऱ्या गावी राहणाऱ्या खालाकडे दिलेल्या डिस्कवर. पेनड्राइव्हला कायमची तिजोरी समजू नका, ते ने-आण करण्यासाठी आहे. गुगल फोटोजची अमर्याद मोफत जागा १ जून २०२१ पासून बंद झाली. आता १५ जीबीतच मेल, फोटो आणि अँड्रॉइडवरच्या व्हॉट्सॲपचा बॅकअप मावायला हवा. आणि लग्नाचे फोटो व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून मागवू नका, दाबून बारीक होतात. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा, मूळ फाइल जशीच्या तशी येते.

फाइलचं नाव 'न्यू व्हिडिओ ३' असं ठेवू नका. आधी वर्ष, मग प्रसंग, मग गाव, म्हणजे यादी आपोआप क्रमाने लागते. मग टीव्हीवर तो निकाह लावून दादी-नानींना समोर बसवा आणि कोण कोण दिसतंय ते विचारत जा. त्या सांगतील ती नावं मिनिटासह वहीत लिहा, आणि त्या पानाचा फोटो काढून त्याच फोल्डरमध्ये टाका.