बीड तेच, साचा वेगळा : पियानोच्या प्लेटची गोष्ट

पियानो हे लाकडी वाद्य, अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रत्यक्षात त्याच्या पोटात बिडाची अखंड प्लेट असते आणि दोनशेहून अधिक तारांचा मिळून १८ ते २० टनांचा ताण तीच पेलते. बोस्टनच्या अल्फियस बॅबकॉक यांनी १८२५ मध्ये अशा चौकटीचे पेटंट घेतले. कळंबोलीच्या लोखंड बाजारापासून तळोजा एमआयडीसीपर्यंत लोखंडावर पोट असलेल्या आमच्या बांधवांना पियानोशी काय देणेघेणे, असे कोणी विचारील. पण लेथचा बेड काय आणि ही प्लेट काय, बीड एकाच जातीचे.

जुनी पद्धत ओल्या वाळूची. वाळूत बेंटोनाइट माती व थोडे पाणी मिसळून साचा ठोकतात. खर्च कमी, पण पृष्ठभाग खरबरीत येतो, मग घासाई आणि लांबी भरणे आलेच. वाळूत ओल जास्त झाली तर वायूची छिद्रे पडतात. अमेरिकेतील स्टाइनवे कंपनीने मात्र हीच पद्धत जपली आणि १९९९ मध्ये आपल्या प्लेटा ओतणारी ओहायोतील फौंड्रीच विकत घेतली.

१९७० च्या दशकात जपानमधून व्हॅक्यूम पद्धत आली. यात कोरडी वाळू प्लास्टिकच्या पातळ पडद्यात ठेवून हवा खेचतात. तेवढ्यावर साचा उभा राहतो. माती नाही, पाणी नाही. माप नेमके, अंग गुळगुळीत. यामाहा या पद्धतीने प्लेटा ओतते. अशी प्लेट खणखणते, असा काही जाणकारांचा आक्षेप आहे. आम्हाला तो पटत नाही. बिडातील ग्राफाइटच्या पापुद्र्यांनी कंप शोषला जातो, आणि ते पापुद्रे कसे बनतील हे रसाच्या घटकांवर, जाडीवर व थंड होण्याच्या वेगावर ठरते. नुसत्या साच्याच्या नावावर नाही.

रस झटपट थंड झाला की पातळ भाग पांढरा, काचेसारखा कडक होतो, ड्रिल मोडते. साचा घाईने फोडला तर जाड-पातळ भाग वेगवेगळ्या गतीने आकसतात आणि ताण आत अडकून राहतो. तडा पुढे गिऱ्हाइकाकडे जातो. आपल्याकडे सौदा किलोच्या भावाने ठरतो, पण माल साच्यात किती तास ठेवायचा हे ऑर्डरवर क्वचितच लिहिले जाते. ते लिहून घ्यावे. जुना पियानो दुरुस्तीला किंवा विक्रीला घेणाऱ्यांनीही पैसे मोजण्यापूर्वी प्लेटच्या आडव्या-उभ्या पट्ट्या बॅटरीच्या उजेडात तपासाव्यात. तडकलेल्या बिडाचे वेल्डिंग आधी तापवल्याशिवाय आणि निकेलच्या रॉडशिवाय सहसा टिकत नाही.