शेपटी लागलेलं फोल्डर

२००७च्या पावसाळ्यात रस्ता खणताना जेसीबीने आमची लीज्ड लाइन तोडली. पुण्यातलं ऑफिस आणि एमआयडीसीतला कारखाना यांच्यामध्ये तेवढाच एक धागा होता. दुसऱ्या लाइनचा कागद मंजुरीसाठी फिरत होता. मी तेव्हा त्या कंपनीच्या ईडीपी, म्हणजे संगणक विभागात होतो. दोन्ही ठिकाणी एकेक विंडोज २००३ सर्व्हर आणि दोन्हींवर ड्रॉइंगचा एकच साठा. पुण्यात ड्राफ्ट्समनने फाइल सेव्ह केली की थोड्या वेळाने ती कारखान्यात शॉप फ्लोअरवर उघडता यायची. हे हमालीचं काम करणारी सेवा विंडोज २०००पासूनची, तिचं नाव फाइल रेप्लिकेशन सर्व्हिस. आम्ही एफआरएस म्हणायचो.

लाइन तुटली त्याच दिवशी पुण्यात एका नव्या ऑर्डरचं फोल्डर तयार झालं. नाव साधंच, ‘पंप बॉडी’. कारखान्यात मशीन रिकामं उभं होतं. तिथल्या प्लॅनिंगच्या माणसाने मोटरसायकलवरून मुलगा पाठवला, पेन ड्राइव्हवर ड्रॉइंग मागवली, कारखान्याच्या सर्व्हरवर त्याच जागी ‘पंप बॉडी’ नावाचं फोल्डर केलं आणि ड्रॉइंग त्यात टाकली. काम सुरू झालं. त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच केलं असतं. मधल्या काळात पुण्यातल्या ड्राफ्ट्समनने गिऱ्हाइकाच्या सांगण्यावरून एका बोअरचं माप बदललं आणि रिव्हिजन सी पुण्याच्या फोल्डरमध्ये ठेवली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी लाइन जोडली गेली आणि दोन्ही सर्व्हर एकमेकांशी बोलू लागले.

आपल्याला ही दोन फोल्डर एकच वाटतात. नाव एक, जागा एक, आतल्या बऱ्याच फायलीही त्याच. पण एफआरएस फोल्डर नावाने ओळखत नाही. प्रत्येक फाइल आणि फोल्डर तयार होताना त्याला एक लांबलचक आकडा मिळतो, जीयूआयडी. ओळख ती. नाव म्हणजे दारावरची पाटी. गावात एकाच नावाचे दोन शेतकरी असले तरी तलाठ्याच्या लेखी त्यांचे गट नंबर वेगळे असतात आणि तो एकाची जमीन दुसऱ्याच्या सातबाऱ्यात घालत नाही, तसंच हे. एफआरएससमोर दोन वेगळी फोल्डर उभी होती आणि दोघांना एकच नाव हवं होतं. अशा वेळी तो आत डोकावून फायली एकत्र करत नाही. आधीपासून असलेलं फोल्डर तो सांभाळतो आणि मागून आलेल्याच्या नावाला शेपटी जोडतो: अंडरस्कोर, एनटीएफआरएस, पुन्हा अंडरस्कोर आणि आठ हेक्स अक्षरं. आमच्याकडे शेपटी पुण्याहून गेलेल्या फोल्डरला लागली. हा नावातला बदलही रेप्लिकेट होतोच, त्यामुळे थोड्या वेळात पुण्यातही ते तसंच दिसू लागलं.

इथपर्यंत काहीही हरवलेलं नव्हतं. हे मला आजही कळकळीने सांगावंसं वाटतं. सेवेने एकही फाइल फेकली नव्हती. निर्णय तिला घेता आला नाही म्हणून तिने दोन्ही ठेवली आणि निर्णय माणसावर सोपवला.

फक्त त्या माणसापर्यंत हे कुणी पोचवलं नाही. ते दिवस पेन ड्राइव्हच्या व्हायरसचे होते. ‘न्यू फोल्डर’ नावाची, फोल्डरसारखी दिसणारी एक्झिक्युटेबल फाइल त्या वर्षांत कितीतरी ऑफिसांनी भोगली. आम्हीच सगळ्यांना बजावलं होतं, अनोळखी फोल्डर दिसलं तर उघडू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी प्लॅनिंगमधून फोन आला.

“साहेब, इथं एक विचित्र नावाचं फोल्डर आलं होतं. पुढे आकडेबिकडे. व्हायरस दिसला, उडवून टाकलं.”

“कुठून उडवलंत? तुमच्या पीसीवरून का सर्व्हरवरून?”

“सर्व्हरवरूनच की. मुळासकट.”

फोन हातात धरूनच मी पुण्याच्या सर्व्हरवर पाहिलं. फोल्डर तिथूनही गेलं होतं. डिलीट करणं हाही एक बदल असतो आणि प्रत्येक बदल दुसऱ्या टोकाला नेणं हेच एफआरएसचं काम. रिव्हिजन सी दोन्हीकडून पुसली गेली होती आणि नीट नावाच्या फोल्डरमध्ये उरली होती जुनी रिव्हिजन बी. रात्रपाळीने तिच्यावरूनच बोअर मारले होते.

आदल्या रात्रीच्या टेपवरून फाइल परत मिळाली. त्या पाळीची कास्टिंग मात्र बाद झाली.

फोन करणाऱ्या त्या माणसावर कुणी राग काढला नाही, याचं श्रेय आमच्या वरिष्ठांना. त्यांनी मला समोर बसवून कागदावर दोन चौकोन काढले. “पुढच्या वेळी शेपटी दिसली तर दोन्ही फोल्डरांची नावं बदलायची. एकाचं नाही, दोन्हींची. आणि एकाच सर्व्हरवरून.”

“आणि मग?”

“मग हात बांधून बसायचं. सगळीकडे नवी नावं दिसेपर्यंत कशालाही हात लावायचा नाही.”

या सांगण्यामागचं कारण समजायला मला वेळ लागला. नाव बदललं तरी जीयूआयडी तोच राहतो, म्हणून सगळ्या सर्व्हरांचं त्या फोल्डराबद्दल एकमत टिकतं. कॉपी केली तर नवी ओळख जन्माला येते, आणि दोन ठिकाणी कॉपी केली तर नवं भांडण. ‘पंप बॉडी एक’ आणि ‘पंप बॉडी दोन’ अशी बिनवादाची नावं सगळीकडे पोचली की मग निवांत आत बघायचं: कुठल्या फायली दोन्हींत आहेत, कुठल्या एकातच, ताजी तारीख कशावर. हव्या त्या फायली एका फोल्डरमध्ये जमवायच्या आणि शेवटी त्यालाच मूळ नाव परत द्यायचं. नावं पोचली का हे अंदाजाने ठरवायचं नाही. प्रत्येक सर्व्हरवरच्या शेअरमध्ये एक छोटी टेक्स्ट फाइल ठेवायची, त्या सर्व्हरचं नाव तिला द्यायचं आणि ती दुसरीकडे उगवते का पाहायचं. दोन्हीकडच्या फायली एकमेकांकडे उगवल्या की रस्ता दोन्ही दिशांनी मोकळा. अवघड वाटतं ते हे वाट पाहणं. फोन वाजत असतात, मागे कुणीतरी उभं असतं, आणि कॉपी-पेस्ट करून मोकळं व्हावं असं बोटांना फार वाटतं.

शेपटीचा दुसरा किस्सा जास्त मोठ्या जागेवरचा. प्रत्येक डोमेन कंट्रोलरवर, म्हणजे लॉगिन तपासणाऱ्या सर्व्हरवर, सिसव्हॉल नावाचं फोल्डर असतं. ग्रुप पॉलिसीच्या फायली आणि लॉगिन स्क्रिप्ट त्यात असतात, आणि त्या काळी त्याची ने-आणही एफआरएसच करायचा. एके सोमवारी सकाळपासून तक्रारी: नेटवर्क ड्राइव्ह जोडले जात नाहीत, प्रिंटर गायब. पीसीच्या इव्हेंट लॉगमध्ये १०५८, म्हणजे पॉलिसीची जीपीटी डॉट आयएनआय फाइल सापडत नाही. सिसव्हॉल उघडलं तर खुद्द ‘पॉलिसीज’ फोल्डरलाच शेपटी.

रजिस्ट्रीत बरफ्लॅग्ज नावाची एक नोंद असते. तिथे डी२ लिहून सेवा पुन्हा चालू केली, तर तो सर्व्हर म्हणतो, माझ्याकडचं बाजूला ठेवतो, खरं काय ते दुसऱ्याकडून घेतो. डी४ लिहिलं तर म्हणतो, माझ्याकडचं तेच खरं, बाकीच्यांनी माझं घ्यावं. शनिवारी एक सर्व्हर अडकला म्हणून कुणीतरी अर्धवट माहितीवर दोन्ही सर्व्हरांना डी४ दिला होता. एका घरात एकाच वेळी दोन कर्ते झाले. दोघांनीही आपापल्या फोल्डरांना नवी ओळख दिली, नावं मात्र तीच, आणि एकमेकांच्या फोल्डरांना शेपट्या लावल्या. उपाय तोच, पण शिस्तीने. आधी दोन्हीकडच्या सिसव्हॉलची प्रत त्या झाडाबाहेर काढून ठेवली, मग दोन्हीकडची सेवा थांबवली, ज्याच्या पॉलिसी आम्ही तपासल्या होत्या त्या एकालाच डी४ दिला, आणि तो सावरल्यावर दुसऱ्याला डी२. डी२ दिलेल्या सर्व्हरवर जुना माल एका लपलेल्या फोल्डरमध्ये जातो. त्याच्या नावातच ‘सी इव्हेंट लॉग’ असं लिहिलेलं असतं, म्हणजे कारण लॉगमध्ये वाच. ज्याने कुणी हे नाव ठेवलं त्याने कधीतरी रात्र सर्व्हर रूममध्ये बसून काढली असणार, असं मला नेहमी वाटतं.

पुढे डीएफएस रेप्लिकेशन आलं. विंडोज २००३ आर२पासून ते होतं, आमच्याकडे यायला काही वर्षं लागली. फाइलमध्ये बदल झालेला तेवढाच भाग पाठवायचा ही त्याची युक्ती, आणि बारीक लाइनवर ती मोलाची होती. शेपट्या गेल्या. पण तंटा तसाच राहिला, फक्त नजरेआड झाला. एकच फाइल दोन ठिकाणी बदलली तर ज्याने शेवटी सेव्ह केली त्याची राहते. एकाच नावाचं काही दोन ठिकाणी तयार झालं तर आधी करणाऱ्याचं राहतं. हरलेली प्रत डीएफएसआर प्रायव्हेट या लपलेल्या फोल्डरच्या पोटात, कॉन्फ्लिक्ट अँड डिलीटेडमध्ये जाते, आणि लॉगमध्ये ४४१२ नंबरची नोंद पडते.

कॉस्टिंगच्या मॅडमचं दिवसभराचं काम असंच एका संध्याकाळी दिसेनासं झालं. त्यांनी आणि कारखान्यातल्या अकाउंटंटने एकच एक्सेल शीट आपापल्या सर्व्हरवरून उघडलं होतं. फाइल दुसऱ्याकडे उघडी आहे ही सूचना एकाच सर्व्हरपुरती असते. कुलूप रेप्लिकेट होत नाही. अकाउंटंटने दहा मिनिटं उशिरा सेव्ह केलं आणि त्याची प्रत राहिली.

“माझं चुकलं का काही?” मॅडमनी विचारलं. त्यांचं काहीही चुकलं नव्हतं, आणि मी तसं सांगितलं. मग घाई केली, कारण त्या लपलेल्या फोल्डरला मर्यादा असते. आमच्या आवृत्तीत ती मुळात ६६० एमबी होती. ती ९० टक्के भरली की जुन्यातल्या जुन्या फायली कायमच्या काढून ६० टक्क्यांपर्यंत जागा मोकळी केली जाते. ड्रॉइंगच्या एखाद्या मोठ्या खेपेने त्यांचं शीट रात्रीत गेलं असतं. आतल्या फायलींची नावं आकड्यांनी बदललेली असतात. खरा पत्ता बाजूच्या मॅनिफेस्ट नावाच्या एक्सएमएल फायलीत असतो. त्यातून ओळ शोधून शीट बाहेर काढायला वीस मिनिटं लागली. दुसऱ्याच आठवड्यात आम्ही कॉस्टिंगचं फोल्डर सगळ्यांसाठी एकाच सर्व्हरवरून उघडेल असं केलं आणि दुसरा सर्व्हर फक्त राखीव प्रत म्हणून ठेवला. बारीक लाइनवर शीट हळू उघडतं म्हणून कारखाना थोडा कुरकुरला. मी ती कुरकुर मान्य केली आणि निर्णय बदलला नाही.

विंडोज सर्व्हर २०१६नंतरच्या आवृत्त्यांतून एफआरएस काढून टाकला गेला. आमच्या ड्रॉइंगचा साठा त्याच्या बराच आधी नव्या सेवेवर गेला होता. तो हलवायच्या आदल्या शनिवारी मी दोन्ही सर्व्हरांवर त्या शेपटीचा शोध घेतला. नऊ फोल्डर निघाली. काही रिकामी, काहींत नुसत्या टेंपररी फायली. दोन फोल्डरांत मात्र अशी ड्रॉइंग होती जी दुसरीकडे कुठेच नव्हती. मी ती सीडीवर उतरवली, सोमवारी ड्रॉइंग ऑफिसात नेऊन दिली, त्यांच्या वहीत ड्रॉइंग नंबर घालून सही घेतली, आणि मग ती नऊ फोल्डर काढली.