परत न मिळालेला ग्रह

टाइम्स ऑफ इंडियाने मार्च १९६४ मध्ये मुंबईहून इंद्रजाल कॉमिक्स सुरू केलं. पुढे ते मराठीतही निघालं आणि हातोहात फिरत कामरगावापर्यंत आलं. तेव्हा वाशीम जिल्हा व्हायचा होता. आमचं गाव अकोला जिल्ह्यात होतं. पोरांची झडप पडायची ती वेताळाच्या, म्हणजे फँटमच्या, अंकावर. मी मात्र फ्लॅश गॉर्डनसाठी जीव टाकायचो. मोंगो ग्रह, तिथला जुलमी बादशहा मिंग, आणि त्याच्याविरुद्ध पंखवाल्या नि सिंहासारख्या माणसांना एकत्र आणून लढणारा पृथ्वीवरचा तरुण!

हा मोंगो एका फिसकटलेल्या सौद्यातून जन्मला. बक रॉजर्सची अंतराळातली चित्रकथा १९२९ पासून अमेरिकन वर्तमानपत्रांत गाजत होती. तिला टक्कर द्यायला वर्तमानपत्रांना चित्रकथा पुरवणाऱ्या किंग फीचर्स कंपनीला लेखक एडगर राइस बरोजचा मंगळावरचा वीर जॉन कार्टर हवा होता. बोलणी जमली नाहीत. मग त्यांनी आपल्याच चित्रकाराला, अ‍ॅलेक्स रेमंडला, नवं काही रचायला सांगितलं. त्याचा पहिला आराखडा परत आला, कारण त्यात मारधाड कमी होती. दुसरा पसंत पडला आणि ७ जानेवारी १९३४ च्या रविवारी फ्लॅश छापून आला. रेमंड तेव्हा अवघा चोवीस वर्षांचा होता.

तो समोर खरी माणसं उभी करून चित्रं काढायचा. ब्रशवर शाई जेमतेम ठेवून तो कोरडाच कागदावरून ओढायचा, म्हणजे केसासारख्या बारीक रेघा उमटायच्या. त्याच्या सैनिकांच्या दंडाचे स्नायू आणि झग्यांच्या चुण्या बघा. त्या जिवंत वाटतात त्या या रेघांमुळे.

मला सगळ्यात चटका लावणारा किस्सा पुढचा आहे. १९४४ मध्ये रेमंड स्वतःच अमेरिकेच्या मरीन दलात भरती झाला. कागदावर दहा वर्षं युद्ध रंगवणारा माणूस ‘गिल्बर्ट आयलंड्स’ या विमानवाहू जहाजावरून पॅसिफिकमधल्या खऱ्या युद्धात गेला. मागे फ्लॅशची रविवारची पानं त्याचा जुना सहायक ऑस्टिन ब्रिग्ज काढू लागला. लढाई संपवून रेमंड परतला, तर ते काम ब्रिग्जकडेच राहणार असं ठरलेलं. ज्याने मोंगो उभा केला, त्यालाच तो परत मिळाला नाही. व्यवहार म्हणून ते बरोबर असेलही, मला आजही ते पटत नाही. त्याला नवी मालिका देण्यात आली. मार्च १९४६ मध्ये रिप कर्बी आला: युद्धावरून परतलेला मरीन, आता गुप्तहेर. स्वतःचीच वर्दी रेमंडने नायकाला दिली होती. सप्टेंबर १९५६ मध्ये मोटार अपघातात रेमंड गेला, तेव्हा तो सेहेचाळीस वर्षांचा होता.

इंद्रजालमध्ये रिप कर्बीही यायचा. आपल्याकडचा फ्लॅश मात्र बहुतेक डॅन बॅरी या नंतरच्या चित्रकाराच्या हातचा. रोजच्या पट्ट्या कापून, पुन्हा जुळवून त्यांची पानं केलेली असायची. वेताळाच्या कथांत तर नावंही बदलली जायची. बंगालची आठवण नको म्हणून ‘बेंगाला’चं ‘डेंकाली’ झालं, ‘सिंग’ चाच्यांचे ‘सिंगा’ झाले.

सौदा फिसकटण्याचा योग फ्लॅशच्या वाट्याला पुन्हा एकदा आला. लहानपणी टीव्हीवर फ्लॅशची जुनी चित्रपटमालिका बघून वेडा झालेला जॉर्ज लुकास त्याच्यावर सिनेमा काढायचा म्हणून हक्क मागायला गेला. ते मिळाले नाहीत. मग त्याने स्वतःचंच अंतराळयुद्ध लिहिलं, आणि १९७७ मध्ये ‘स्टार वॉर्स’ आला. त्याच्या सुरुवातीला तिरपी वर सरकत जाणारी अक्षरं दिसतात, ती कल्पना फ्लॅशच्या त्याच मालिकेतून घेतलेली आहे.