येडपट की कामाचं?

दोस्तांनो, केळं कापायचा प्लास्टिकचा साचा ऑनलाइन मिळतो, पाहिलाय? केळीच्या जिल्ह्यात राहून केळ्याला साचा! नशिराबादच्या बाजारात दाखवलात तर लोक हसतील.

पण हसण्याआधी जरा थांबा. जपानच्या केंजी कावाकामी यांच्या बिनकामाच्या शोधांवरच्या 1995 च्या पुस्तकात काठीला लावलेला कॅमेराही होता. आज सेल्फी स्टिकशिवाय तुमची ट्रिप होते का?

शेतातल्या मोटारीला मोबाइल जोडायचा, हेही ऐकायला रिकामटेकडा उद्योगच वाटतो ना? पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी 'नॅनो गणेश'मध्ये तेच केलं. फोन लावा, कोड दाबा, पंप सुरू. तिकडे लाइट आहे की नाही, तेही घरबसल्या कळतं. 2009 मध्ये नोकियाच्या स्पर्धेत त्याला बक्षीसही मिळालं. शेतीची लाइट रात्रपाळीत आली, की अंधारात साप-विंचवाच्या वाटेनं मळ्यात जावं लागतं. तुमच्यापैकी कित्येकांच्या घरी ती फेरी बाबा नाहीतर काका मारतात. ती वाचते.

म्हणून ऑर्डर टाकण्याआधी एकच विचारा, यानं कोणाची फेरी वाचणार? उत्तर सापडलं नाही, तर केळ्याला घरची सुरी आहेच!