सूर्यावरचे डागही थरथरतात

सूर्य ढळला की जोहर, सावली लांबली की असर, सूर्य बुडाला की मगरिब. सूर्याचा रोजचा हिशेब आपण इतक्या बारकाईने ठेवतो, पण खुद्द त्याच्या चेहऱ्यावर काय चालले आहे याची चौकशी आपल्या घरांत क्वचितच होते.

त्या चेहऱ्यावर काळे डाग असतात. आम्हाला 'डाग' हा शब्द जरा फसवा वाटतो. कपड्यावरचा डाग गप्प बसतो, सूर्याचा डाग हलत असतो. आणि तो काळाही नसतो. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे 5,500 अंश सेल्सिअस तापलेला, डागाचा गाभा त्याहून दीड-दोन हजार अंशांनी थंड, म्हणून शेजारच्या झळाळीपुढे काळा दिसतो. 1908 मध्ये अमेरिकेतील माउंट विल्सन वेधशाळेत जॉर्ज हेल यांनी दाखवले की डागात प्रबळ चुंबकत्व असते, पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या हजारो पट. (उर्दूत चुंबकाला आपण मकनातीस म्हणतो.) हे चुंबकत्व खालून वर येणाऱ्या तप्त वायूची वाट अडवते.

आता थरथर कुठून येते? सूर्याच्या पोटात वायू पातेल्यातल्या खिरीसारखा खदखदतो आणि त्यातून आवाजासारख्या लाटा उठतात. 1960 च्या सुमारास रॉबर्ट लेटन यांना सूर्याचा पृष्ठभाग साधारण दर 5 मिनिटांनी वरखाली होताना आढळला. 1969 मध्ये डागाच्या गाभ्यावर सुमारे दर अडीच-तीन मिनिटांनी उठणाऱ्या चमका नोंदल्या गेल्या. गाभ्याभोवतीच्या करड्या पट्ट्यातही लाटा बाहेर सरकताना दिसतात, मशिदीच्या हौदात खडा टाकावा तशा.

डागांवरून चुंबकीय कमानीही उंच उठतात. विद्युतभारित वायूतले चुंबकत्व ताणलेल्या तारेसारखे वागते, हे हान्स आल्फवेन यांनी 1942 मध्येच मांडले होते. 1970 मध्ये त्यांना नोबेल मिळाले. 14 जुलै 1998 रोजी सूर्यावर एक स्फोट झाला आणि 'ट्रेस' उपग्रहाला या कमानी डोलताना दिसल्या. काही हेलकावे घेऊन त्या शांत झाल्या. एका हेलकाव्याला लागलेला वेळ आणि कमानीची लांबी यांवरून संशोधकांनी तिथले चुंबकत्व किती, हे काढले. सतारीचा सूर ऐकून तारेचा ताण ओळखावा, तसे!

एक कोडे मात्र बाकी आहे. सूर्याभोवतीचे प्रभामंडल पृष्ठभागापेक्षा कितीतरी तप्त, 10 लाख अंशांहून अधिक. ही उष्णता या लाटा वर नेतात, की असंख्य छोटे स्फोट? दोन्ही बाजूंनी पुरावे मांडले जातात, आणि दोन्हींचा वाटा असेल असेही अनेक जण मानतात.

हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. हेच चुंबकत्व पिळवटून तुटले की सौरवादळ उठते. मार्च 1989 मध्ये अशा वादळाने कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातील सुमारे 60 लाख लोकांची वीज 9 तास घालवली. सप्टेंबर 2023 मध्ये निघालेले आपले आदित्य एल-1 आता पृथ्वीपासून सुमारे 15 लाख किलोमीटरवरून सूर्यावर नजर ठेवून आहे. त्यावरची अतिनील दुर्बीण पुण्याच्या 'आयुका'च्या पुढाकाराने तयार झाली.

मुलांना डाग पाहायचे असतील तर सूर्याकडे थेट पाहू देऊ नका, दुर्बिणीतून तर मुळीच नाही. दृष्टी कायमची जाऊ शकते. हजार वर्षांपूर्वी इब्न अल-हैथम यांनी बारीक छिद्रातून पडणाऱ्या ग्रहणाच्या प्रतिमेचा अभ्यास केला होता. तीच रीत वापरा: खोली अंधारी, छिद्र बारीक, समोरची भिंत लांब. डाग पुरेसा मोठा असेल तर भिंतीवरच्या सूर्यात तो दिसतो.