जॅझ गायनाचे ध्वनिमुद्रण : अल्प खर्चात मायक्रोफोनची निवड

इ. स. १९२३ मध्ये बेसी स्मिथ या अमेरिकन गायिका न्यूयॉर्क येथे कोलंबिया कंपनीसाठी गावयास उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांच्यासमोर मायक्रोफोन नव्हता. होता तो एक कर्णा. कर्ण्याच्या निमुळत्या टोकाशी पातळ पटल बसविलेले असे. आवाजाने ते थरथरे आणि त्याला जोडलेली सुई मेणाच्या तबकडीवर रेषा कोरीत जाई. सुई हलविण्यास लागणारी सारी शक्ती गायकाच्या आवाजातूनच यावयाची. आपल्याकडे १९०२ साली कलकत्त्यास गौहर जान यांचे गाणे मुद्रित झाले, तेही याच रीतीने. अशा कर्ण्यापुढे ज्याचा आवाज दणदणीत, त्याचे निभावे. हळुवार गाणारा तबकडीवर उमटतच नसे.

१९२५ मध्ये अमेरिकेतील मोठ्या कंपन्यांनी विजेच्या साहाय्याने ध्वनिमुद्रण करण्याची पद्धत स्वीकारली. आता मायक्रोफोनने आवाजाचे क्षीण विद्युत्-प्रवाहात रूपांतर करावयाचे आणि विवर्धकाने तो प्रवाह हवा तेवढा वाढवावयाचा, अशी कामाची वाटणी झाली. बिली हॉलिडे यांचे पहिले ध्वनिमुद्रण १९३३ सालचे. त्यांच्या आवाजाचा पल्ला मोठा नव्हता, जोरही बेताचाच होता. पण शब्द किंचित् मागे रेंगाळवून, जणू शेजारी बसलेल्याला सांगावा तसा उच्चारण्याची त्यांची रीत मायक्रोफोनमुळेच श्रोत्यांपर्यंत पोहोचू शकली. श्वास, ओठांची हालचाल, स्वर विझतानाचा कंप हे सारे जॅझ गायनाचे अंगच होय. म्हणून जॅझ गायकाने मायक्रोफोन निवडणे हे सतारियाने सतार निवडण्यासारखे आहे.

हा प्रश्न केवळ अमेरिकेतील गायकांचा नाही. मुंबईच्या मोठ्या हॉटेलांतून १९३०च्या दशकापासून जॅझ वाजत आले आणि गोमंतकीय वादकांनी ते आपलेसे केले. लोर्ना यांनी ख्रिस पेरी यांच्या वाद्यवृंदासह गायिलेली कोकणी गीते ज्यांनी ऐकली आहेत, त्यांस या संगीताची ओळख वेगळी करून द्यावयास नको. आजही एखादी विद्यार्थिनी घरच्या खोलीत पियानोच्या साथीने गाते, तिला आपले गाणे मुद्रित करावयाचे असते आणि हाताशी पैसे थोडे असतात. त्या पैशांचे तिने काय करावे?

पहिला मोह नामांकित यंत्राचा होतो. जर्मनीतील नॉयमन कंपनीचा १९४९ मधील यू ४७ हा मायक्रोफोन पुढे अनेक श्रेष्ठ जॅझ गायकांच्या ध्वनिमुद्रणात वापरला गेला. त्याचा जुना नमुना आज घ्यावयाचा तर कित्येक लाख रुपये पडतात. मग बाजारात त्याच्यासारखा दिसणारा, चकचकीत पेटीत ठेवलेला स्वस्त मायक्रोफोन मिळतो आणि तोच घ्यावासा वाटतो. परंतु दिसण्यातील साम्य ऐकू येत नाही. तेव्हा या यंत्रांच्या आत काय चालते ते आधी पाहिले पाहिजे.

प्रचारातील मायक्रोफोन मुख्यतः तीन जातींचे आहेत. पहिल्या जातीत पटलाला तारेचे बारीक वेटोळे चिकटविलेले असते आणि ते लोहचुंबकाच्या क्षेत्रात हलते. हलताना त्यात वीज निर्माण होते. याला डायनॅमिक मायक्रोफोन म्हणतात. १९६६ मध्ये निघालेला शुअर कंपनीचा एसएम ५८ हा सभामंचावर सर्वत्र दिसणारा मायक्रोफोन याच जातीचा. वेटोळ्याच्या वजनामुळे त्याचे पटल अतिशय जलद कंपनांना तत्परतेने साथ देऊ शकत नाही; मात्र तो दणकट असतो आणि त्याला बाहेरून वीज पुरवावी लागत नाही. दुसऱ्या जातीत, म्हणजे कन्डेन्सर मायक्रोफोनमध्ये, अत्यंत पातळ पटल एका धातूच्या चकतीजवळ ताणलेले असते. दोहोंमधील अंतर बदलले की विद्युत्-धारकता बदलते व त्यातून संकेत मिळतो. पटल हलके असल्याने बारीकसारीक कंपनेही सुटत नाहीत. त्याला बहुधा ४८ व्होल्टचा विद्युत्-दाब तारेतूनच द्यावा लागतो. १९६२ मध्ये बेल प्रयोगशाळेत गेरहार्ड सेसलर व जेम्स वेस्ट यांनी कायम विद्युत्-भारित राहणाऱ्या प्लॅस्टिकच्या पटलाचा मायक्रोफोन तयार केला, आणि तेव्हापासून ही जात स्वस्तही झाली. तिसरी जात फितीची : लोहचुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये काही सहस्रांश मिलिमीटर जाडीची अॅल्युमिनियमची फीत. तिचा नाद मऊ व मधुर असतो, पण जोराच्या फुंकरीनेही ती ताणली जाते. नवशिक्याने तिच्या वाटेस न जावे हे बरे.

एवढे वाचून कोणीही म्हणेल की, कन्डेन्सरच घ्यावा. आम्हीही एकदा असेच म्हटले होते. एका शाळेच्या सभागृहात, फरशीच्या जमिनीवर, उत्तम कन्डेन्सर मायक्रोफोन गायिकेपासून हातभर अंतरावर ठेवून आम्ही गाणे मुद्रित केले. ऐकावयास बसलो तो गाण्याच्या पाठीशी छताचा पंखा, खिडकीबाहेरचा कावळा आणि पलीकडच्या वर्गातील पाढे, सारे स्पष्ट उमटलेले! आणि गायिकेचा आवाज विहिरीतून आल्यासारखा घुमत होता. यंत्राचा यात काहीच दोष नव्हता. त्याने जे होते ते सर्व टिपले होते.

खोलीत मायक्रोफोनवर दोन प्रकारचा ध्वनी पडतो : एक तोंडातून सरळ येणारा, दुसरा भिंतींवरून परावर्तित होऊन येणारा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केले की सरळ येणारा ध्वनी ६ डेसिबलने उतरतो. परावर्तित ध्वनी मात्र खोलीभर जवळजवळ सारखाच पसरलेला असतो, आणि पंख्याची घरघरही तशीच. म्हणजे ३० सेंटिमीटरवरून १५ सेंटिमीटरवर आले की आवाज ६ डेसिबलने वर उचलला जातो आणि खोली आहे तेथेच राहते. कोणत्याही महागड्या यंत्राने न मिळणारा हा लाभ फुकट मिळतो. मायक्रोफोनच्या माहितीपत्रकात त्याची स्वतःची खरखर ५ डेसिबल की १५ डेसिबल, याचा मोठा गाजावाजा असतो. परंतु ज्या खोलीतील शांतताच ३५ डेसिबलची आहे, तेथे हा फरक कानाला कळणार नाही.

जवळ जाण्यालाही मर्यादा आहे. एकाच दिशेकडून विशेष ऐकणारे मायक्रोफोन अगदी जवळून वापरले की खर्जाचे स्वर फुगतात. हळुवार गाणाऱ्या गायिकेला त्यातून एक ऊब मिळते व जॅझमध्ये ती हवीशी वाटते. पण मान थोडी मागे गेली की आवाजाचा पोतच बदलतो. त्याखेरीज ‘प’, ‘ब’, ‘फ’ या वर्णांसरशी सुटणारी हवा पटलावर आदळून धप्प असा आवाज होतो. भरतकामाच्या गोल चौकटीवर नायलॉनचा पातळ मोजा ताणून तो मध्ये धरला आणि मायक्रोफोन तोंडाच्या समोर न ठेवता किंचित् बाजूला ठेवला, तर हा दोष पुष्कळसा जातो.

आता निर्णयाकडे वळू. खोली सामान्य असेल, पंखा बंद करता येत नसेल, रस्ता जवळ असेल, तर चांगला डायनॅमिक मायक्रोफोन घ्यावा आणि एका वितीच्या आत गावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. खोली शांत असेल व पडदे, गालिचे, पुस्तकांची कपाटे यांनी ती मऊ झाली असेल, तर सुमारे २५ मिलिमीटर व्यासाच्या पटलाचा बेताच्या किमतीचा कन्डेन्सर घ्यावा. श्वास व शब्दांच्या कडा यांचे जे सौंदर्य तो टिपतो ते डायनॅमिकला सहसा साधत नाही. मात्र स्वस्त कन्डेन्सर निवडताना ‘स’ व ‘श’ यांच्याकडे कान द्यावा. अशा पुष्कळ यंत्रांत एका विख्यात जर्मन मायक्रोफोनच्या पटलाची नक्कल असते. पण मूळ यंत्रात त्या पटलाचा तीव्र स्वरांकडील कल आवरणारी जी विद्युत्-रचना होती, ती गाळलेली असते. परिणामी ‘स’ सुईसारखा टोचतो. संगणकात थेट खोचावयाचे मायक्रोफोन सोयीचे खरे, परंतु त्यांतील विवर्धक पुढे बदलता येत नाही.

विवर्धकाचा विचार डायनॅमिक घेणाऱ्याने विशेष करावा. ९४ डेसिबलच्या ध्वनीला असा मायक्रोफोन सुमारे २ मिलिव्होल्ट देतो, कन्डेन्सर बहुधा १० ते २०. हळुवार गाण्याची पातळी मायक्रोफोनपाशी ७४ डेसिबल धरली तर डायनॅमिककडून मिळतो अवघा ०.२ मिलिव्होल्ट. त्याला सुमारे हजारपट, म्हणजे ६० डेसिबलने, वाढवावे लागते. संगणकाला जोडावयाची पेटी एवढे विवर्धन खरखर न करता देते की नाही, हे पैसे देण्यापूर्वी पाहावे. सगळी रक्कम मायक्रोफोनवर घालवून ही पेटी, भक्कम स्टँड व तार यांच्यासाठी काहीच न उरवणे, ही चूक आम्ही वारंवार पाहिली आहे.

खोली मऊ करावयास गोधड्या पुरतात, पण त्या कोठे टांगावयाच्या? बहुतेक लोक मायक्रोफोनच्या मागे टांगतात. हृदयाच्या आकाराचे ग्रहणक्षेत्र असलेला मायक्रोफोन पाठीमागून जवळजवळ बहिराच असतो. तो पाहतो गायकाकडे, म्हणून गायकाच्या पाठीमागची भिंत त्याला सर्वाधिक ऐकू येते. पहिली गोधडी तेथे टांगावी. उरली तर दुसरी बाजूला. खोलीच्या कोपऱ्यात तोंड करून गाऊ नये.

शेवटी परीक्षा. दोन मायक्रोफोन उसने मिळाले तर एकाच खोलीत, सारख्याच अंतरावरून, एकच ओळ दोहोंवर मुद्रित करावी : एकदा अगदी हळू, एकदा पूर्ण आवाजात. मग दोन्ही मुद्रणांची पातळी नीट जुळवून घ्यावी, कारण किंचित् मोठे वाजणारे मुद्रण कानाला नेहमीच अधिक चांगले भासते. कोणते कोणत्या यंत्राचे हे ठाऊक नसलेल्या माणसाकडून ती वाजवून घ्यावीत, आणि ऐकणाऱ्यालाही सांगू नये. त्यानंतर पियानोची साथ जोडून पुन्हा ऐकावे. एकट्या आवाजात रुक्ष वाटलेला मायक्रोफोन साथीत पुष्कळदा अधिक खुलतो.