भूमिकाखेळातील पंच : माणूस आणि यंत्र

खेळाचे नियम आणि खेळातील निवाडा या दोन गोष्टी सामान्यतः एकच मानल्या जातात. बुद्धिबळापुरते तसे मानण्यास हरकत नाही. कारण नियमांनी अनुत्तरित ठेवलेला प्रश्न तेथे पटावर सहसा उद्भवत नाही. परंतु ज्या खेळात खेळणारा एखाद्या कल्पित व्यक्तीची भूमिका घेतो आणि ती व्यक्ती काय करू पाहते हे शब्दांत सांगतो, त्या खेळात नियमांपलीकडचा प्रश्न क्षणोक्षणी उभा राहतो. इंग्रजीत 'रोल-प्लेइंग गेम' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रकारास येथे भूमिकाखेळ म्हटले आहे. त्याची प्रमुख रूपे दोन : चार-पाच जणांनी मेजाभोवती बसून खेळावयाचा बैठकीचा खेळ आणि संगणकावरील खेळ. दोहोंतील भेद केवळ साधनांचा आहे, असा समज आढळतो. वस्तुतः तो भेद निवाडा कोणी करावयाचा याचा आहे. आणि हा प्रश्न संगणकाहून बराच जुना आहे.

प्रशियन सेनाधिकारी राइस्वित्झ याने १८२४ मध्ये लष्करी शिक्षणासाठी 'क्रीग्सश्पील' नावाचा नकाशावरील युद्धखेळ सिद्ध केला. त्यात दोन्ही पक्ष आपले हुकूम लेखी देत, आणि पंच फासे व कोष्टके यांच्या साह्याने परिणाम ठरवी. पुढे ही कोष्टके अवजड वाटू लागली. १८७६ मध्ये व्हेर्डी द्यू व्हेर्न्वा या सेनानीने कोष्टकांऐवजी अनुभवी पंचाच्या विवेकावर भर देणारी पद्धती पुरस्कारिली. तेव्हापासून नियमबद्ध आणि मुक्त असे दोन पंथ झाले. पहिल्यात निकाल सर्वांना सारखा लागू होतो, परंतु कोष्टकात नसलेली युक्ती वाया जाते. दुसऱ्यात प्रत्येक युक्तीस उत्तर मिळते, परंतु ते पंचाच्या योग्यतेवर अवलंबून राहते. बैठकीचा आणि संगणकाचा भूमिकाखेळ यांतील अंतर बीजरूपाने येथेच दिसते.

चार्ल्स टॉटन या अमेरिकन अधिकाऱ्याच्या १८८० च्या 'स्ट्रॅटेगॉस' या ग्रंथातून पंचाच्या अधिकाराची कल्पना घेऊन डेव्हिड वेस्ली याने १९६९ मध्ये मिनेसोटात 'ब्राउनश्टाइन' नावाचा खेळ मांडला. त्यात सैन्याबरोबरच एका गावातील व्यक्तींच्या भूमिकाही खेळाडूंना दिल्या होत्या. खेळाडू आपापसांत वाटाघाटी व कारस्थाने करू लागले आणि मांडलेली लढाई बाजूलाच राहिली. वेस्लीला प्रयोग फसला असे वाटले. खेळाडूंनी मात्र तसाच खेळ पुन्हा मागितला. त्यांपैकी डेव्ह आर्नेसन याने ही रीत अद्भुतरम्य विश्वात नेली, आणि त्याने व गॅरी गायगॅक्स याने मिळून १९७४ मध्ये 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ तीन पुस्तिकांच्या रूपाने प्रसिद्ध केला. त्यातील पंचाची भूमिका नाटकातील सूत्रधाराच्या जवळ जाते : तो विश्व वर्णन करतो, इतर सर्व पात्रांच्या वतीने बोलतो आणि निवाडाही देतो.

संगणकाने हा खेळ फार लवकर उचलला. इलिनॉय विद्यापीठाच्या 'प्लेटो' या शिक्षणासाठी उभारलेल्या यंत्रणेवर १९७५ च्या सुमारासच 'पेडिट ५' व 'डीएनडी' हे खेळ तयार झाले. पहिल्याचे नाव खेळाचे नव्हेच. यंत्रणेतील ज्या जागेत तो ठेवला होता त्या जागेचे ते नाव. अनधिकृत म्हणून तो पुसूनही टाकला जाई. १९८१ मध्ये 'अल्टिमा' आणि 'विझर्ड्री' या खेळांनी हा प्रकार घरगुती संगणकावर स्थिर केला. या स्थलांतरात काय आले आणि काय मागे राहिले, हे पाहण्यासारखे आहे. पात्राचे बळ, जखमा सोसण्याची शक्ती, अनुभवाचे गुण, शस्त्रे, भुयाराचा नकाशा हे सारे मोजता येण्याजोगे असल्याने आले. वेस्लीच्या खेळाडूंना ज्याची गोडी लागली ती अनपेक्षित वाटाघाट मात्र मागे राहिली.

एक उदाहरण घेऊ. कुलूपबंद दार आहे व आत पहारेकरी आहे. बैठकीतील खेळाडू कुलूप फोडील, किंवा पहारेकऱ्याच्या आजारी मुलीची चौकशी करील, किंवा धुराचा लोट सोडून आगीची हाकाटी करील. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या २०१४ च्या पाचव्या आवृत्तीनुसार सूत्रधार अशा प्रयत्नास अतिसुलभासाठी ५ पासून जवळजवळ अशक्यासाठी ३० पर्यंत काठिण्यांक देतो; वीस बाजूंच्या फाशावरील दानात पात्राचा गुणांक मिळवून तो गाठावा लागतो. याच आवृत्तीवर आधारलेल्या 'बाल्डर्स गेट ३' या २०२३ च्या संगणकीय खेळात फासा पडद्यावर गडगडताना दिसतो व अंकही दिसतो. पण तो अंक आणि दार उघडण्याचे मार्ग खेळ सुरू होण्यापूर्वीच ठरलेले असतात. फासा तोच, परंतु प्रश्न विचारण्याचा अधिकार खेळाडूकडून ग्रंथकाराकडे गेलेला असतो. नियमाचा एक बारकावाही येथे बदलला आहे. या संगणकीय खेळात अशा परीक्षेत १ चे दान पडल्यास अपयश निश्चित असते. मूळ नियमांत तसे नाही. काठिण्यांक १० व गुणांक ९ असेल तर बैठकीत अपयश अशक्य आहे, यंत्रावर ते शंभरात पाच वेळा येते.

सर्वच मार्ग आधी लिहून ठेवता येणार नाहीत काय? येथे गणित आडवे येते. प्रत्येक निर्णयास दोनच पर्याय आणि प्रत्येकाचा परिणाम कायमचा वेगळा असे धरले, तर दहा निर्णयांनंतर १,०२४ आणि वीस निर्णयांनंतर १०,४८,५७६ कथा लिहाव्या लागतील. यास्तव लेखक फुटलेल्या वाटा थोड्या अंतरावर पुन्हा एकत्र आणतो.

याचा अर्थ यंत्राचा पंच गौण आहे असा नव्हे. तो पक्षपात करीत नाही, थकत नाही आणि विसरत नाही. 'अल्टिमा ४' या १९८५ च्या खेळात खेळाडूची आठ सद्गुणांच्या आधारे पारख होते. आंधळ्या विक्रेतीस ठरलेल्या किमतीपेक्षा कमी नाणी दिली, तर ती तक्रार करीत नाही. प्रामाणिकपणाच्या खात्यातून मात्र मुकाट्याने वजावट होते. बैठकीत चौघांच्या देखत असा मोह एवढ्या एकांतात अनुभवता येत नाही. तद्वतच, आधी लिहिले जात असल्याने संगणकीय खेळातील भाषेवर संस्कार करता येतात. 'डिस्को एलिसियम' या २०१९ च्या खेळात नायकाची चोवीस कौशल्येच त्याच्याशी संवाद करतात. आयत्या वेळी बोलणाऱ्या सूत्रधाराकडून इतक्या घोटीव गद्याची अपेक्षा करता येणार नाही.

परंतु यंत्राच्या या स्मृतीस एक छेद आहे. जतन केलेल्या स्थितीकडे परतता येत असल्याने वाईट दान पुसता येते, आणि निर्णयाचे वजन कमी होते. मृत्यूनंतर जुन्या स्थितीकडे परतू न देणाऱ्या 'रोग' या १९८० च्या खेळाने हा दोष टाळला. बैठकीत मात्र बोललेला शब्द परत घेणे ही सर्वांच्या संमतीची बाब असते. तेथील दोष वेगळे : सूत्रधाराची मर्जी, हिशेबातील चुका आणि वेळेची टंचाई.

दोहोंचा मेळ घालण्याचे प्रयत्नही झाले. 'नेव्हरविंटर नाइट्स' या २००२ च्या खेळात चालू खेळात शिरून कोणत्याही पात्राच्या तोंडून बोलण्याची सोय मानवी सूत्रधारास दिली होती. २०१९ मधील 'एआय डन्जन' याने सूत्रधाराचे काम भाषिक प्रतिमानाकडे सोपविले. त्याने खेळाडूच्या कोणत्याही वाक्यास उत्तर दिले, परंतु आधी सांगितलेले त्याला पुढे आठवेना. मुक्त पंथास केवळ मोकळे उत्तर पुरत नाही, हे यावरून ध्यानात येते. पंचाने दिलेला निवाडा त्याला स्वतःलाही पुढे बांधून ठेवीत असला पाहिजे.

या भेदाचा अभ्यासपद्धतीशीही संबंध आहे. संगणकीय खेळाची संहिता टिकते, पुन्हा उघडता येते. म्हणून संशोधकाची दृष्टी तिकडे सहज वळते. बैठकीच्या खेळाचे मागे उरते ते नियमपुस्तक व काही टिपणे. दशावतारी नाटकाचे कथानक वाचून त्यातील आयत्या वेळचे संवाद कळत नाहीत. तसेच नियमपुस्तक वाचून त्या संध्याकाळी मेजाभोवती काय घडले ते कळत नाही. दोहोंची तुलना करताना एकीकडे संपूर्ण कृती आणि दुसरीकडे केवळ तिचा सांगाडा ठेवला जाण्याचा धोका आहे. तो टाळावयाचा तर बैठकी प्रत्यक्ष पाहून व ध्वनिमुद्रित करून, निवाडा कोणत्या क्षणी, कोणाच्या शब्दाने व कोणाच्या संमतीने झाला याची नोंद होणे अवश्य आहे.